सुट्टी, गोल्फ आणि रविवारची उपासना : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इकडे कापसाला भाव नाही, शेतकरी मेटाकुटीला आलाय, आणि हा माणूस शनिवारी मित्रांसोबत मळ्यात भरीत खातो, रविवारी सकाळी चर्चला जातो, रात्री टीव्हीवर गोल्फ बघतो आणि वर त्यावर लेख लिहितो. गोल्फ हा पैसेवाल्यांचा, पाणी पिणारा खेळ. खान्देशात त्याचं काय काम? आणि देवाच्या वारी सामने बघायचे हे ढोंग.

पाण्याचं आधी बोलतो. तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. अठरा होलचं (चेंडू घालायच्या अठरा खळग्यांचं) मैदान हिरवं ठेवायला फार पाणी लागतं. ज्या भागात उन्हाळ्यात गावं टँकरची वाट बघतात तिथे कुणी असं मैदान आणलं, तर विरोध करणाऱ्यांत मीही उभा राहीन. मी खेळत नाही, बघतो.

पण सुट्टी म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, हे मला मुळीच मान्य नाही. आपल्याकडे रविवारची सुट्टी श्रीमंतांनी आणलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागितली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी ती मान्य केली. लोखंडे जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मागणीच्या बाजूने मांडलं होतं. अमळनेर, धुळे, जळगावच्या गिरण्यांत ज्यांचे आजे-पणजे राबले, त्यांना या एका दिवसाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आमच्या भुसावळात तर रेल्वेच्या घरांत रविवार सहजासहजी मिळतच नाही. वडील लोको शेडला, म्हणजे इंजिनांच्या कारखान्यात होते. त्यांची आठवड्याची सुट्टी ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे, कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. ज्या रविवारी ते घरी असत, त्या दिवशी आई सकाळपासून गुणगुणत असे. आजही आमच्या चर्चच्या मंडळीत काही जण रात्रपाळी करून, अंघोळ उरकून थेट उपासनेला येतात. डोळे तारवटलेले असतात, पण गीत सुरू झालं की आवाज सगळ्यांच्या वर.

देवाच्या वाराबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो. बायबलच्या निर्गम पुस्तकातली विसाव्याची आज्ञा फक्त घरधन्याला नाही. दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना त्या दिवशी काम बंद. पोळ्याला तुम्ही बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, त्यामागे हीच माया आहे. आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूने स्वतः सांगितलं. उपासना झाल्यावर मित्रांबरोबर सामना बघण्यात मला त्या दिवसाचा अपमान दिसत नाही.

आता गोल्फ. आमच्या मित्रमंडळींपैकी बहुतेकांनी तो पहिल्यांदा मन लावून पाहिला ७ ऑगस्ट २०२१ ला. शनिवार होता. संध्याकाळी नीरज चोप्राने सोनं जिंकलं, तो दिवस. पण सकाळी बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फच्या पदकासाठी झुंजत होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी सोबती, म्हणून आई. शेवटच्या होलपर्यंत आस होती, आणि एका फटक्याने पदक हुकलं. चौथी आली. पार म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, बर्डी म्हणजे त्याहून एक कमी, आणि कमी फटके तो पुढे, हे आम्ही त्या सकाळी शिकलो. तो खेळ पैसेवाल्यांचा वाटला नाही, एका मुलीच्या जिद्दीचा वाटला.

पुढे वाचत गेलो तेव्हा १९६८ च्या मास्टर्सची, गोल्फमधल्या एका मोठ्या स्पर्धेची, हकिगत सापडली, ती माझ्या मनातून जात नाही. शेवटचा दिवस १४ एप्रिल, ईस्टरचा रविवार. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दि विसेन्झो यांचा त्याच दिवशी ४५ वा वाढदिवस. सतराव्या होलवर त्यांनी तीन फटक्यांत चेंडू घातला, लोकांनी पाहिला, टीव्हीवर दिसला. पण त्यांचं कार्ड, म्हणजे फटक्यांची नोंद, लिहिणारे सहखेळाडू टॉमी एरन यांच्याकडून चार लिहिले गेले, आणि विसेन्झो यांनी तशीच सही केली. नियम असा की सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम. त्या दिवसाचे ६५ फटके ६६ झाले. बॉब गोल्बी यांच्याशी बरोबरी होऊन प्लेऑफ, म्हणजे निकालासाठी जादा सामना, झाला असता, तो गेला आणि गोल्बी विजेते ठरले. विसेन्झो यांनी एरनना बोल लावला नाही, सगळा दोष स्वतःकडे घेतला. या खेळात प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही, आपला दंड बऱ्याचदा आपणच सांगायचा असतो. हे मी माझ्या मुलांना बसवून दाखवतो, आणि दाखवत राहीन.

कापसाबद्दल मात्र तुमची तळमळ खरी आहे, आणि ती दोन ओळींत संपवू नका. वेचणीची मजुरी, हमीभाव आणि तुमच्या हातात प्रत्यक्ष पडलेले पैसे, हे सगळं मांडून लिहा. मी इथे जसंच्या तसं छापतो. शुक्रवारपर्यंत पाठवलंत तर शनिवारी मळ्यात बसू तेव्हा सगळ्यांना वाचून दाखवीन. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कापूसच लावतात.