गॅलारागाचा परफेक्ट गेम यादीत घ्या

बेसबॉलमध्ये परफेक्ट गेम म्हणजे पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) समोरच्या संघाचे ओळीने २७ बॅटर बाद करायचे. हिट (बॅटर फटका मारून बेस गाठतो तो) नको, वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) नको, आपल्या फील्डरच्या चुकीनेसुद्धा कुणी पहिल्या बेसवर पोचता कामा नये. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, अधिकृत यादीत २०२३ चा डोमिंगो हेर्मान २४वा. माझ्या लेखी तो २५वा आहे.

२ जून २०१०, डेट्रॉइट. तिथल्या टायगर्स संघाचा व्हेनेझुएलन पिचर अर्मांडो गॅलारागा क्लीव्हलँडविरुद्ध २६ जणांना बाद करून उभा होता. नवव्या इनिंगच्या सुरुवातीलाच ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरा धावत खांद्यावरून असला झेल घेतला होता की आता हे होणारच, असं वाटावं. २७वा जेसन डोनाल्ड. त्याने बॉल जमिनीलगत उजवीकडे मारला, मिगेल कॅब्रेराने बेस सोडून तो उचलला आणि धावत आलेल्या गॅलारागाकडे फेकला. बॉल ग्लव्हमध्ये, पाय बेसवर, डोनाल्ड अजून पाऊलभर मागे, म्हणजे बाद. अंपायर जिम जॉइस यांनी हात पसरले: सेफ, म्हणजे नाबाद! परफेक्ट गेम तिथेच हुकला.

गॅलारागा फक्त हसला. परत गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना ३-० ने संपवला.

रिप्ले पाहिल्यावर जॉइस यांनी चूक उघडपणे मान्य केली, गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गॅलारागाच आला, तेव्हा ते डोळे पुसत होते. ही क्षमेची गोष्ट सगळे सांगतात, मलाही ती फार प्रिय आहे. पण त्या दोघांच्या मोठेपणाआड लीग सहीसलामत सुटली, हे मला आजही पटत नाही. लीगचे तेव्हाचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी निकाल बदलायला नकार दिला.

एक निर्णय फिरवला की पुढचा सगळा खेळ उलटापालटा होतो, हा नेहमीचा आक्षेप. इतर सामन्यांत तो रास्तच आहे. इथे पुढे काय होतं? एक बॅटर, तोही बाद. धावफलकावरची एकही धाव हलत नाही.

आणि लीग जुन्या नोंदींना हात लावत नाही, असंही नाही. १९५९ मध्ये पिचर हार्वी हॅडिक्सने १२ इनिंग्ज एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं, १३व्या इनिंगमध्ये मात्र तो सामना हरला. १९९१ मध्ये व्याख्या बदलून त्याची ती कामगिरी यादीतून काढली. २०२४ मध्ये निग्रो लीग्जचे, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना ज्या वेगळ्या लीग्जमध्ये खेळावं लागे त्यांचे, आकडे अधिकृत नोंदींत घेतले आणि कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत तिथला जॉश गिब्सन मेजर लीगच्या टाय कॉबच्या वर गेला. किती योग्य केलं! अन्याय झाला होता, तो नोंदीत दुरुस्त केला.

असे निर्णय रिप्लेवर तपासायची सोय २०१४ पासून झाली. तिचा फायदा पुढच्यांना मिळाला, गॅलारागाला नाही. सेलिग यांच्यानंतर आलेल्या रॉब मॅनफ्रेड यांनी त्याचं नाव त्या यादीत घालावं. जॉइस यांनी स्वतः चूक कबूल केल्यावर आणखी कुठला पुरावा हवा आहे?