कांद्याने सही उमटत नाही, रंग मात्र निघतो

सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या घरात वाघ, बिबट्या किंवा गव्याचं सही नसलेलं तैलचित्र असेल तर ते संस्थानी दरबारातल्या चित्रकाराचं समजा, कारण राजे सही करू देत नसत. रंगाला तडे असतील तर ते शंभर वर्षांचं नक्की. कापलेला कांदा फिरवा, दडलेली सही उमटेल. चित्रात चित्ता असेल तर ते १९५२च्या आधीचंच. आणि गावातल्या माणसाला विकू नका, परदेशी गिऱ्हाईक लाखांनी देतं.

मी साताऱ्यात चित्रं मढवतो, जुन्या चित्रांची डागडुजीही करतो. हा मेसेज वाचून आणलेली चार चित्रं आज माझ्या टेबलावर आहेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी कांद्याचं बोलतो, कारण खरं नुकसान तिथे होतंय. वाईकडच्या एका वहिनींनी बिबट्याचं चित्र आणलं. "भाऊ, जरासंच घासलं हो," म्हणाल्या. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेतली गवताची पाती गेली होती, खालचं पांढरं अस्तर उघडं पडलं होतं. कॅनव्हासवर आधी सरस, मग अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर राळेचं वार्निश असतं. कांद्याचं पाणी तड्यांतून आत उतरतं, सरस फुगतो आणि रंगाची खपली सुटते. फसायला होतं ते अशामुळे की ओलं झालेलं वार्निश क्षणभर उजळतं, समईची काजळीही थोडी निघते, आणि वाटतं, चित्र खुलतंय. वाळलं की पुन्हा तसंच, वर एक जखम.

सही शोधायचीच असेल तर जाणत्या हाताकडून फ्रेम उतरवून घ्या. फ्रेमच्या खाचेत चित्राची पाव-अर्धा इंच कड झाकलेली असते, कित्येकदा सही तिथेच सापडते. मग खोलीत अंधार करून बाजूने तिरपा टॉर्च मारा, ब्रशचे उंचवटे दिसतात. सही सापडली तरी लगेच हुरळून जाऊ नका. भिंगातून तड्यांकडे बघा. सहीचा रंग तड्याच्या आत उतरलेला असेल तर आधी तडे गेले, सही नंतर आली. ती कुणीतरी मागाहून घातलेली आहे.

'दरबारी चित्रकार सही करत नसत' हे तर सरळ चुकीचं आहे. रवि वर्मा संस्थानिकांसाठी रंगवत आणि सही करत. साताऱ्याहून औंध काही लांब नाही. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं तिथलं संग्रहालय बघून या. मूळ तैलरंग जवळून कसा दिसतो हे एकदा डोळ्यांत बसलं की छापील चित्राशी गल्लत होत नाही. जुन्या ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्राच्या छापील नकलेवर, कॅनव्हाससारखी जाळी दाबलेली असायची, भिंगाखाली मात्र ठिपके दिसतात. सही नसण्याची कारणं साधी असतात. शिकाऊ मुलाने सरावासाठी केलेली नक्कल असेल, सहीची कडच कापली गेली असेल, नाहीतर पेंटरने ऑर्डरचं काम म्हणून केलं असेल. आपल्या भागात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर त्यातलेच. अशा हातांचं निनावी काम कमी दर्जाचं असतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते कुणाचं हे सही नसण्यावरून ठरत नाही.

तडे वयामुळे जातात, तसे घाईमुळेही जातात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू सुकतं, जाड थराला महिनोन् महिने लागतात. खालचा थर ओला असताना वर लवकर सुकणारा रंग चढवला की काही वर्षांतच रुंद भेगा पडतात. शिवाय आपल्याकडचे चार महिने पाऊस आणि मग कडक ऊन, कॅनव्हास सारखा सैल-ताठ होत राहतो. टेबलावरचं गव्याचं चित्र तड्यांनी भरलंय, पण ते हार्डबोर्डवर आहे. हार्डबोर्ड बाजारात आला तोच १९२०च्या दशकात, आणि आपल्या पेंटरांच्या हाती त्याहून उशिरा.

चित्त्याचं म्हणाल तर टेबलावर एकही चित्ता नाही. ज्याला चित्ता म्हणून आणलं तो बिबट्या आहे. चित्त्याचे ठिपके भरीव, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ; बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मधे पोकळ. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं हे खरं, पण चित्रकाराला समोर जनावर लागतंच असं नाही, फोटो किंवा कॅलेंडर पुरतं. आणि कोल्हापूरच्या महाराजांकडे शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते, त्यांत आफ्रिकेतून आणलेलेही होते. जनावरावरून चित्राचं साल निघत नाही.

किमतीच्या बाबतीत मेसेज सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. वेबसाइटवर मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच आकाराच्या, तशाच अवस्थेतल्या चित्राचा भाव बघायचा. कॅटलॉगमधले शब्दही नीट वाचायचे. 'अमुक यांचं', 'अमुक यांचं मानलं जाणारं', 'अमुक यांच्या शैलीतलं', 'अमुक यांच्यावरून केलेलं' या चार पायऱ्या आहेत आणि दर पायरीला भाव कोसळतो. आणि परदेशी गिऱ्हाइकाचं काय? चित्र खरंच शंभर वर्षांचं असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याने ते देशाबाहेर विकताच येत नाही. मेसेजमधली एक गोष्ट खरी धरली की दुसरी गुन्हा ठरते.

वहिनींच्या बिबट्याच्या मागे एक फाटकी चिठ्ठी निघाली, साताऱ्यातल्या एका फ्रेमवाल्याची, तीन आकडी फोन नंबर असलेली. फ्रेम बरीच जुनी आहे एवढं त्यावरून कळलं. पण कॅनव्हासच्या कडेला बारीक खिळ्यांच्या भोकांची दुसरीही रांग आहे, म्हणजे चित्र या चौकटीत येण्याआधी दुसऱ्या चौकटीवर ताणलेलं होतं. आता ते आधी कुणाकडे होतं याचा शोध घरच्या जुन्या कागदांत चालू आहे. म्हणून हात जोडून सांगतो, चित्र पुसू नका, मागची धूळसुद्धा झाडू नका. दिवसाच्या उजेडात पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, लांबी-रुंदी लिहून ठेवा, आणि तसंच्या तसं जुन्या चादरीत गुंडाळून जाणकाराकडे न्या.