माथा ९० मीटरवर असताना गट परत फिरवल्याच्या तक्रारीला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला सविस्तर अभिप्राय मी दोनदा वाचला, त्या दिवशीच्या दोन्ही लीडरशी स्वतंत्रपणे बोललो, त्यांच्या वहीतल्या वेळांच्या नोंदी तपासल्या आणि मगच लिहायला बसलो. उत्तराला आठ दिवस लागले ते यामुळे, त्याबद्दल क्षमस्व.

इतर वाचकांसाठी आपल्या तक्रारी थोडक्यात नोंदवतो. उन्हाळी मोसमात, आकाश निरभ्र असताना आणि माथा अवघा ९० मीटर वर राहिलेला असताना आमच्या लीडरने नऊ जणांचा गट परत फिरवला. माहितीपत्रात ‘सोपी ते मध्यम उन्हाळी चढाई’ असे लिहिले होते, प्रत्यक्षात मात्र बर्फ आणि हातापायांनी चढावा लागणारा कातळ समोर आला. रात्री दोनला उठवून तीनला चालायला लावले, दिवसभर हेल्मेट उतरवू दिले नाही, आणि परत फिरण्याचे कारण विचारल्यावर लीडर तुटक बोलले. शिवाय आपल्याला मागे टाकून गेलेली दोघांची जोडी माथ्यावर जाऊन सुखरूप परतली, यावरून आमची भीती निराधार होती असे आपले म्हणणे आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. परत फिरण्याचा निर्णय योग्य होता, आणि तशीच स्थिती असेल तर आम्ही उद्याही तोच निर्णय घेऊ. मात्र ती पाळी आपल्यावर आली याला त्या दिवसाच्या डोंगरापेक्षा आमचे नियोजन अधिक जबाबदार होते. आपल्या अभिप्रायात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि आपला संताप समजण्यासारखा आहे. पण उत्तर देताना मला त्या वेगळ्या कराव्या लागतील.

उन्हाळ्याच्या तोंडावर उंच डोंगरात दोन ऋतू एकाच वेळी नांदत असतात. पायथ्याशी गवत हिरवे झालेले असते, ऊन पाठीला चटके देते, आणि त्याच वेळी वरच्या सावलीतल्या घळींमधून हिवाळा अजून हललेला नसतो. दर हजार मीटर उंचीला हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, पण घळीतला बर्फ टिकतो तो केवळ तेवढ्या गारव्यामुळे नव्हे. हिवाळाभर वाऱ्याने आणून टाकलेला आणि वरून हिमप्रपातांनी ओतलेला बर्फ तिथे थरावर थर साचलेला असतो आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे त्याला दिवसातून मोजकेच तास ऊन मिळते. निरभ्र रात्री या बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि घट्ट गोठतो. म्हणून पहाटे तो दगडासारखा टणक असतो, ऊन लागल्यावर काही काळ बुटाची कड त्यात नेमकी रुतते, आणि त्यानंतर तो ओल्या पिठासारखा होत जातो. रात्री दोनला उठवण्याचे कारण हेच होते. चढाईचे वेळापत्रक आम्ही आपल्या झोपेवरून ठरवू शकत नाही, ते या बर्फावरून ठरवावे लागते.

आता गट जिथून परत फिरला त्या घळीविषयी. आपला गट तिथे साडेदहाला पोहोचला. पहाटे खालच्या बर्फाच्या उतारावर आपल्या बुटांचे ठसे बोटभरही खोल उमटत नव्हते, हे आपल्यालाही आठवत असेल. घळीच्या काठावर लीडरने चालण्याची काठी बर्फात दाबली तेव्हा ती सहज मुठीपर्यंत आत गेली. दोर बांधून ते कातळ आणि बर्फ यांच्या सांध्याजवळून दोन पावले पुढे गेले आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. काळा कातळ उन्हात तापतो आणि त्याला टेकलेला बर्फ आतून वितळवतो, त्यामुळे कडेला वरून न दिसणारी पोकळी तयार होते. पाय बाहेर काढताना त्यांना खालून पाणी वाहण्याचा आवाज ऐकू आला, आणि वहीत त्या वेळेपुढे त्यांनी एवढेच लिहिले आहे: ‘काठी पूर्ण आत. खाली पाणी.’ घळीचा उतार साठेक मीटर खाली जाऊन थेट कड्याच्या तोंडाशी संपतो. आपण काठावर दहा पावले मागे उभे होतात, तिथून हा शेवट दिसत नाही, आणि हे आपल्याला त्याच वेळी सांगितले गेले नाही.

ही घळ जाताना ओलांडायची होती आणि येताना पुन्हा ओलांडायची होती. परतीच्या या दुसऱ्या खेपेचा विचार माथा समोर दिसत असताना मनात येत नाही. माझ्याही येत नाही, म्हणून तो खाली बसून आधीच करून ठेवावा लागतो. त्या मऊ बर्फावरून एकेकाला दोरावर पलीकडे न्यायला सहा मिनिटे धरली तरी नऊ जणांना जवळजवळ एक तास लागला असता; पुढे धारेवरून माथा, तिथली थोडी विश्रांती आणि उतरण धरून घळीपाशी परत येईपर्यंत दुपारचा एक वाजून गेला असता. साडेदहाला जो बर्फ मांडीपर्यंत पाय गिळत होता, त्यावरून एक वाजता थकलेल्या नऊ जणांना आणणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

पुढे गेलेल्या जोडीबद्दलची आपली नोंद खरी आहे. आपला गट कातळटप्प्यावर थांबलेला असताना ते दोघे पुढे गेले आणि सव्वाआठच्या सुमारास घळ ओलांडताना आमच्या लीडरना दिसले. म्हणजे सव्वादोन तास आधी, आणि दोघेच. घळ तीच होती, पण त्यांच्या पायाखालचा बर्फ वेगळा होता.

आकाशाबद्दल आपण लिहिले तेही खरे आहे. त्या दुपारी वादळ आले नाही, साधा गडगडाटही झाला नाही. लीडरनी ढगांचे कारण पुढे केले होते, कारण दहापासून पूर्वेकडचे ढग उंच वाढताना त्यांना दिसत होते, आणि उघड्या धारेवर विजेची चाहूल लागल्यावर लपायला जागा नसते. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामध्ये तीन सेकंद गेले की वीज साधारण एक किलोमीटरवर असते. हा हिशेब करण्याची वेळ धारेवर आली तर उशीर झालेलाच असतो. तरीही त्या दिवशीचे खरे कारण बर्फ आणि वेळ हे होते. ढगांचा उल्लेख करून त्यांनी आपल्याला दुय्यम कारण सांगितले आणि मुख्य कारण मागे राहिले. आकाश स्वच्छच राहिल्यावर आपल्याला फसवल्यासारखे वाटले, यात आपली चूक नाही.

यापुढचे जे आहे ती आमची चूक आहे. घळीच्या आधीचा पंचवीस मीटरचा कातळटप्पा आपल्याला आठवतो. सुरुवातीला खोबणी मोठ्या, मधला भाग थोडा उभा, आणि डावीकडे पाहिले की दरी थेट पायाखाली. चारपैकी तीन आधार पक्के ठेवून एका वेळी एकच हात किंवा पाय हलवत चढायची ही जागा. आमच्या वेळापत्रकात तिला पाऊण तास दिला होता. गट तिथे सात वीसला पोहोचला आणि शेवटचा सदस्य वर आला तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. एकच दोर, नऊ माणसे, त्यांतली पाच अशा कातळावर पहिल्यांदाच आलेली, आणि दोर खाली सोडायचा, बांधायचा, तपासायचा हे प्रत्येकासाठी नव्याने. जे चढत होते ते कष्टत होते आणि जे थांबले होते ते गारठत होते. आपण लिहिले आहे की ‘माथा आमच्या दमामुळे गेला नाही, तुमच्या रांगेमुळे गेला’. हे वाक्य मी तसेच्या तसे मान्य करतो.

वेळापत्रक असे चुकले कसे, हेही सांगतो. चालण्याच्या वेळेसाठी आम्ही विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेल्या नियमाचा आधार घेतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. सात किलोमीटर आणि दीड हजार मीटर चढाईचे त्यावरून सुमारे चार तास येतात. गट नवखा म्हणून आम्ही ते दीडपट केले, कातळाचे आणि घळीचे मिळून तासाभराहून थोडे अधिक जोडले, आणि माथा दहाच्या सुमारास धरला. परतीच्या वाटेवर घळ अकराच्या आत ओलांडलेली असावी हा आमचा शिरस्ता त्यात बसत होता. पण हा नियम पायी चालणाऱ्याचा आहे. दोराखाली रांगेत उभे राहणे त्यात नाही. कातळाचा वेळ उंचीवर अवलंबून नसतो, माणसांच्या संख्येवर असतो, आणि हे इतकी वर्षे गट नेणाऱ्या माणसाला कळायला हवे होते. वेळापत्रक मी केले होते, लीडरनी नव्हे.

दुसरी चूकही याच्याशी जोडलेली आहे. नऊ पंचवीसला, कातळटप्प्याच्या वर, अकराची मर्यादा पाळली जाणार नाही हे गणित जवळजवळ सुटलेले होते. तिथेच गटाला एकत्र बसवून सांगायला हवे होते. त्याऐवजी ‘घळीपर्यंत जाऊन पाहू’ या आशेवर लीडर आपल्याला आणखी तासभर चढवत राहिले आणि माथा डोळ्यांसमोर आल्यावर नकार दिला. त्यांच्या मनात आपल्याला संधी देण्याचा भाव होता, पण परिणाम उलटा झाला. त्यात घळीच्या काठावर ‘चर्चा नको, मागे फिरा’ हे शब्द. दगड सुटण्याच्या जागेत नऊ माणसे उभी असताना आज्ञा देणे मी समजू शकतो. संध्याकाळी तळावर कोणीही आपल्याशी बसून बोलले नाही, हे मात्र समजू शकत नाही. त्याबद्दल लीडरच्या आणि माझ्या वतीने मनापासून माफी मागतो.

हेल्मेटबाबत मात्र माघार घेता येणार नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, रात्री भेगांत गोठून दगड सैल करते आणि सकाळच्या उन्हात ती पकड सुटते. या दिवसांत घसाऱ्याच्या आणि घळींच्या वाटेवर दगड येण्यासाठी वर माणूस असावाच लागतो असे नाही.

माहितीपत्रकाविषयीची आपली तक्रार पूर्ण रास्त आहे. त्यातली छायाचित्रे उन्हाळ्याच्या अखेरीची होती, जेव्हा हीच घळ कोरडी असते आणि ती ओलांडायला पाच मिनिटे पुरतात. सिएरा क्लबने १९३७ साली आखलेल्या आणि पुढे योसेमिटी पद्धत म्हणून रूढ झालेल्या श्रेणीत पहिली श्रेणी पायवाटेची आणि पाचवी खऱ्या कातळारोहणाची. आपला टप्पा तिसऱ्या श्रेणीचा, जिथे हातांशिवाय वर जाता येत नाही. असा टप्पा असलेल्या वाटेला ‘सोपी’ म्हणणे चूक होते. तो शब्द आणि ती छायाचित्रे आता काढली आहेत, आणि बर्फाने भरलेल्या घळीचे छायाचित्र त्यावर टाकले आहे.

या मोसमापासून गट सहा जणांचाच राहील, कातळटप्प्यावर दोन दोर लागतील, आणि आदल्या दुपारी तळाजवळच्या मोठ्या खडकावर प्रत्येकाला दोर बांधून चढवून-उतरवून पाहिले जाईल. उतरवून पाहणे महत्त्वाचे, कारण उतरताना पायाखालची खोबण दिसत नाही. आपल्या नडगीला खरचटले ते कातळटप्पा असा उतरतानाच. घळीची वेळ आणि ती चुकली तर काय करायचे, हे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाईल.

आपण भरलेल्या शुल्कातली अर्धी रक्कम गटातल्या सर्व नऊ जणांना परत पाठवली आहे; आपण ती मागितली नव्हती, पण ती आम्ही देणे लागत होतो. पुन्हा यावेसे वाटले तर उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या घळीतून, किंवा पुढच्या वर्षी याच दिवसांत सहा जणांच्या गटात, आपल्यासाठी विनाशुल्क जागा राखून ठेवू. यायचे नसेल तरी नडगीची जखम नीट भरली का, एवढे जरूर कळवावे. वहीत त्या नोंदीपुढची जागा अजून मोकळी आहे.