प्लेटचा भाव सगळे विचारतात, प्लेटा कोणी मोजत नाही

गेल्या महिन्यात भाचीचं रिसेप्शन झालं, दादरला. मामा रिटायर्ड म्हणजे रिकामाच, असं धरून जेवणाचं खातं माझ्याकडे आलं. काल शेवटचं बिल चुकतं केलं, डोक्यात आहे तोवर लिहून टाकतो.

आमची सगळी घासाघीस प्लेटच्या भावावर झाली. 750 ची 720 केली तेव्हा ताईला मी हिरोच वाटलो. 350 प्लेटांवर वाचले 10,500 रुपये. आणि गॅरंटी? गॅरंटी म्हणजे माणूस येवो न येवो, पैसे द्यायचेच. आम्ही 350 सांगितल्या, जेवले 312. उरलेल्या 38 चे 27,360 रुपये पाण्यात. वर 5 टक्के जीएसटी. (मोठ्या हॉटेलात तोच 18 होतो, ते वेगळंच दुखणं.)

चूक माझीच. यादी नात्यानं केली, मुंबईत ती स्टेशनानं करायला हवी. मंगळवारी संध्याकाळी सातला बदलापूरहून चौघांचं घर कसं येणार? एकटा येतो, तोही ऑफिसातून परस्पर, आणि नऊच्या आत जेवून गाडी पकडतो. दुपारचा रविवार असेल तर आधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनीवर ते बघा. बिल्डिंगमधले मात्र पाहुण्यांच्या पाहुण्यांसकट येतात!

मेन्यू ठरवताना केटरर म्हणाला, "काका, पास्त्याचा लाइव्ह काउंटर घ्या, सध्या सगळे घेतात." मी नाही घेतला. चाट घेतलं, कारण भाची ऐकेना. लोक पाणीपुरीवरच पोट भरतात, मग मसालेभात दोन घास नि जिलबी. भाव पूर्ण प्लेटचाच पडतो. माझं स्पष्ट मत, पदार्थ आठ कमी करा, पण अळूची भाजी आणि मठ्ठा तिसऱ्यांदा मागितला तरी मिळाला पाहिजे.

आत्याचं लग्न धान्यटंचाईच्या दिवसांतलं, सरकारी गेस्ट कंट्रोलच्या, म्हणजे किती पाहुण्यांना जेवू घालायचं यावर सरकारी बंधन असण्याच्या काळातलं. पेढा, वेफर्स, आइस्क्रीम, संपलं रिसेप्शन. तिला त्याचं वाईट वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

वेलकम ड्रिंक म्हणून तो निळा प्रकार येतो ना, तो काढला आणि कोकम सरबत ठेवलं. पाण्याच्या बाटल्यांचं मात्र फसलो. त्या वेगळ्या लावतात, नगावर. एक घोट पिऊन खुर्चीखाली ठेवलेल्या शंभरेक तरी मी स्वतः पाहिल्या. पुढच्या वेळी जार आणि स्टीलचे पेले, कोणी नाक मुरडलं तरी चालेल. 'खऱ्या' ड्रिंक्सचा विषय व्याह्यांनी काढला होता, पण हॉलवर परवानगीच नाही. असती तरी उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढावा लागला असता, तेव्हा तो विषय आपसूक मिटला.

आता मुद्द्याचं. केटरर माणसं मोजत नाही, वापरलेल्या प्लेटा मोजतो. अर्धी प्लेट टबात टाकून दुसरी उचलली की दोन माणसं जेवली. थोरल्या भाच्याच्या लग्नात हे कळलं नव्हतं, सभागृहात जेमतेम चारशे माणूस आणि बिल 457 प्लेटांचं. या वेळी धाकट्या पुतण्याला प्लेटांच्या चवडीपाशी उभं केलं. सुरुवातीला मोजणी, शेवटी मोजणी, केटररच्या मुकादमासमोर. बँडवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर यांचं जेवण कुठल्या भावात, तेही आधीच वहीत लिहून सही घेतली. म्हणून तर 312 हा आकडा मी छातीठोक सांगतोय.

हॉल पॅनेलबाहेरच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या यादीत नसलेल्या केटररवर रॉयल्टी म्हणून वेगळे पैसे घेतो का, तेही बुकिंगच्याच दिवशी विचारा.

उरलेल्या जेवणासाठी रोटी बँकेला आधी कळवायचं ठरलं होतं, माजी पोलीस आयुक्त शिवानंदन यांनी सुरू केलेली. गडबडीत फोन राहिलाच. रात्री साडेअकराला मसालेभाताचे दोन टोप टेम्पोत घालून घरी आणले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सगळ्या मजल्यांवर डबे वाटत फिरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डबा परत देताना विचारलं, "मठ्ठा नाही उरला?"