आजीच्या भांड्यात आता काही शिजणार नाही

आजीकडून आलेलं चिनीमातीचं झाकणाचं भांडं परवा घासताना उजेडात धरलं. आतून केशरी, अजूनही देखणं. पण तळाशी, जिथे वर्षानुवर्षं चमचा फिरला, तिथली चकाकी उडालीये. बोट फिरवलं तर खडूसारखं खरखरीत लागलं. कडेला केसाएवढ्या तड्यांचं जाळं आणि त्यात मुरलेले तपकिरी डाग. त्या दिवसापासून मी त्यात शिजवणं बंद केलं. तुमच्याकडे असं भांडं असेल तर तुम्हीही करा, अगदी कळकळीने सांगते.

कारण शिसं. पूर्वी ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, शिशाचं ऑक्साइड सर्रास घालायचे. त्याने ग्लेझ कमी तापमानाला वितळतं, एकसारखं पसरतं, काचेसारखं चमकतं. ज्या झळाळीवर आपण भाळतो ती बऱ्याचदा शिशाचीच असते. भांडं नीट भाजलेलं असेल तर बरंचसं शिसं त्या काचेत अडकून राहतं. भाजणी कच्ची राहिली किंवा ग्लेझ झिजलं, की ते अन्नात उतरायला लागतं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असं आंबट काही त्यात शिजवलं किंवा रात्रभर ठेवलं तर आणखीच. चवीला कळत नाही, आणि कितीही घासलं-उकळलं तरी भांड्यातून जात नाही.

"आम्ही जन्मभर यातच जेवलो, काय झालं?" हे ऐकलं की जीव तुटतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. तिथे ते कित्येक दशकं राहतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात येतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि ते त्यांच्या बुद्धीवर, एकाग्रतेवर घाला घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि असं भांडं रोजच्या वापरात असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

घरगुती टेस्ट किटवर विसंबू नका. पट्टीचा रंग बदलला नाही म्हणून भांडं निर्दोष ठरत नाही, थोडं थोडं झिरपणारं शिसं तिला सापडत नाही. खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात. युरोपात १९८४ च्या निर्देशाने स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. त्याआधीच्या भांड्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

फेकून द्या असं म्हणत नाहीये. माझंही जपून ठेवलंय, वरच्या फळीवर. फक्त तळाला एक चिठ्ठी चिकटवलीये, "शोभेसाठी, यात खाऊ नये". माझ्यानंतर ते कुणाच्या हाती जाईल, त्याला कसं कळणार?