‘जीआरआय’ म्हणजे ग्वाल्हेर संस्थान नव्हे

ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतो आहे: जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर मुकुट आणि ‘जीआरआय’ असेल तर ती संस्थानी फौजेची, लिंबू-राखेने घासून वार्निश मारा, किंमत वाढते. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

‘जीआरआय’ म्हणजे जॉर्जियस रेक्स इम्पेरेटर, सम्राट जॉर्जची मोहोर. दस्त्याला (खांद्याला टेकवायच्या लाकडाला) धरणाऱ्या लोखंडी कड्याच्या उजव्या बाजूला ती असते. खाली ‘इशापूर’ आणि साल असेल तर रायफल बंगालमधल्या इशापूर कारखान्याची. संस्थानाशी संबंध सांगायला कागदपत्रंच लागतात.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्टच्या (गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीमागचा नंबर आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावरचा, नंबर ताडून पाहा. जुळत नसतील तर बोल्ट बदललेला आहे. नंबर घासून काढू नका. ओळख तिथंच संपते.

लिंबाचं आम्ल गंजाबरोबर काळा लेपही खातं. गंजावर हलकं मशीन ऑइल रात्रभर ठेवा, मग चार शून्यांच्या बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसा. लाकडाला वार्निश नको, कच्च्या जवस तेलाचे चार-पाच थेंब तळहाताने चोळा. तेलाची चिंधी पसरून वाळवा, गोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकते.

सर्वांत मोठं नुकसान दस्ता काढताना होतं. दस्ता जोडणाऱ्या आतल्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक नळीखालच्या पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता तो फिरवला, की ते उभं चिरतं. पावसाळ्यात रायफल कापडी म्यानात ठेवू नका, ओल धरते.