थोडे उचलून, गुडघा लावून

आमचे घर विकण्याचा निर्णय खरे म्हणजे माझ्या गुडघ्यांनी घेतला. कोथरूडमधली आमची इमारत १९९१ सालची; तीन मजले, बारा सदनिका आणि लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे चौतीस पायऱ्यांवर राहतो. एकविसाव्या पायरीशी आले की मी भाजीची पिशवी खाली ठेवते आणि समोरच्या दारावरची पाटी, ती जणू आज सकाळीच लावली असावी, अशा एकाग्रतेने वाचत उभी राहते. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितले, मुलाने बंगळुरूहून फोनवर "आई, आता लिफ्टवालं घर बघा" असे सुनावले आणि ह्यांनी नेहमीप्रमाणे "बघू" म्हटले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. परंतु या वेळी दोन्ही गुडघे माझ्या बाजूला होते.

एजंट आला, चहा प्यायला, आणि डॉक्टर रिपोर्ट बघताना करतात तसा चेहरा करून घरभर फिरला. "काकू, घर छान आहे, फक्त जरा तयार करून घ्या. गणपतीच्या आत दाखवायला लागू; नंतर पितृपंधरवड्यात कोणी घराचं नावसुद्धा काढत नाही, मग एकदम दसराच." मग त्याने खिशातून लाल ठिपका टाकणारे यंत्र काढून खोल्या मोजल्या. इतकी वर्षे आम्ही सर्वांना 'आठशे फुटांचे घर' असे सांगत आलो होतो. त्याच्या हिशेबाने कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, भरली सहाशे बारा. उरलेले एकशे अठ्ठ्याऐंशी फूट कुठे गेले, असे ह्यांनी जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा त्याने समजावले की काही भिंतींच्या जाडीत गेले आणि बाकीचे जिन्याच्या वाट्यात. ज्या जिन्याने माझे गुडघे खाल्ले, त्याचे पैसे आम्ही चौरस फुटाच्या भावाने मोजून दिले होते, हे मला तेव्हा कळले.

जाताना तो दुरुस्त्यांची यादी सांगून गेला, आणि ती ऐकताना मला वाटले की तो दुसऱ्याच कोणाच्या घराबद्दल बोलत असावा. आमच्या घरात काही बिघडलेले आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. गॅलरीचे दार पावसाळ्यात फुगते, हे खरे. पण ते उघडत नाही असे मुळीच नाही. कडी काढायची, मुठीला धरून दार थोडे उचलायचे आणि खालच्या कोपऱ्याला उजवा गुडघा लावायचा. स्वयंपाकघरातला नळ गळतो असे कोणी म्हणेल, परंतु तो पूर्ण बंद करून मग केसभर मागे घेतला की थेंब पडत नाही. न्हाणीघराची कडी लागत नाही, म्हणून आत असणाऱ्याने गुणगुणायचे असते. मुलाचे मित्र, नणंदा, दिरांची मुले, एवढेच काय, एकदा तपासायला आलेला गीझरवालासुद्धा हे सारे दोन दिवसांत शिकून गेला होता. पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर या सूचना देणे हा आमच्या आदरातिथ्याचाच भाग होता.

तरीही कारागीर आले. नळकामवाल्याने वॉशर बदलला आणि पाच मिनिटांत निघून गेला. त्या रात्री मी सवयीने नळ केसभर मागे घेतला आणि सकाळी उठले तेव्हा ओट्यावरून पाणी खाली फरशीवर आले होते. न्हाणीघराची कडी आता लागते, पण गुणगुणणे सुटलेले नाही. शेजारी काय समजत असतील कोण जाणे. सुतार मात्र विचारी निघाला. दारावरून हात फिरवून तो म्हणाला, "काकू, आत्ता ओलं असताना पुरता रंधा मारला, तर उन्हाळ्यात बोटभर फट पडेल. थोडंच काढतो. जोराचा पाऊस लागला तर परत अडकेल, मग मला बोलू नका." दार तेव्हा सुतासारखे सरळ उघडू लागले. संध्याकाळी ह्यांनी सवयीने उचलून गुडघा लावला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत थेट जाऊन पोहोचले.

दिवाणखान्यातल्या ओलीचे प्रकरण मात्र नाजूक होते. रंगाऱ्याने भिंतीला बोटाने टोकरले, पोपडा हातात धरला आणि सांगितले की आधी पाणी थांबवा, भिंत वाळू द्या. ओल्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग दिला तर महिन्याभरात फुगे येतील. पाणी वरच्यांच्या मोरीतून येत होते. मी जिना चढून वर गेले. "आमच्याकडे तर कुठे काही गळत नाही हो," असे वहिनी म्हणाल्या, आणि त्यात खोटे काहीच नव्हते, कारण गळत होते ते आमच्याकडे. अखेर सेक्रेटरींच्या मध्यस्थीने निम्मा निम्मा खर्च करायचे ठरले आणि वरच्या फरशीचे सांधे भरून घेतले गेले. त्या दिवशी मी एकूण चार वेळा तिसऱ्या मजल्यावर गेले, ही नोंद मी डॉक्टरांपासून लपवून ठेवली आहे.

राहता राहिला माळा. माळ्यावर काय आहे हे विचारायचे नसते, असा आमच्या संसारातला अलिखित करार होता. एका रविवारी हे वर चढले, मी खाली चादर पसरली, आणि तीस वर्षे खाली उतरू लागली. रॉकेलचे दोन स्टोव्ह आणि त्यांच्या पिना. मुलाच्या पहिलीपासूनच्या वह्या. बिघडलेल्या तीन मिक्सरची, एकाही मिक्सरला न बसणारी सहा भांडी. थर्माकोलचे एक मखर, जे आम्ही दर गणपतीला वापरत असू. २०१८ साली त्यावर बंदी आल्यापासून ते वापरताही येईना आणि कचऱ्यात टाकावे तर कोण बघेल ही भीती, म्हणून ते गुन्ह्याच्या पुराव्यासारखे जुन्या पडद्यात गुंडाळून ठेवलेले होते. आणि सगळ्यांच्या मागे सासूबाईंचा तांब्याचा बंब. गेली वीस वर्षे मी तो मोडीत द्या म्हणत होते, आणि गेली वीस वर्षे "तांबटआळीतला आहे" या एका वाक्यावर तो बचावत होता. या खेपेला मात्र मी जिंकले. बंब दाराशी जाऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात एजंट आला. "अहो काकू, हा कुठे देताय? चिंचेनं घासून हॉलच्या कोपऱ्यात ठेवा, वर एक मनीप्लँट सोडा. लोकांना आवडतं हल्ली." आज आमच्या घरातली सर्वांत उजेडाची जागा त्या बंबाला मिळाली आहे, आणि ह्यांच्या चेहऱ्यावरचे ते समाधान मला चहाबरोबर रोज बघावे लागते.

माळ्याने एक उपकार मात्र केला. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आम्ही तीन दिवस शोधत होतो, ते एका जुन्या दिवाळी अंकात सापडले. पन्नास रुपयांचा एक, असे दहा शेअर. या पाचशे रुपयांच्या कागदावाचून लाखोंचे घर जागचे हलत नाही. सेक्रेटरींनी तो उजेडात धरून पाहिला आणि घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी जी रक्कम घेते, त्या हस्तांतराच्या प्रीमियमचा विषय काढला. सरकारी परिपत्रकानुसार पंचवीस हजारांहून अधिक घेता येत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बराच खाली गेला होता.

मग माणसे बघायला येऊ लागली. एकांनी मोबाइलमधले होकायंत्र काढून आमचे न्हाणीघर ईशान्येला असल्याचे जाहीर केले आणि चप्पल न काढताच गेले. एकांनी फक्त पार्किंग बघितले. एक कुटुंब दुपारी दोन वाजता आले. अशांना घर विकूच नये, असे ह्यांचे ठाम मत आहे आणि त्यात मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

मग तीन दिवस पावसाने झोडपून काढले, आणि चौथ्या दिवशी एक तरुण जोडपे आले. त्यांना गॅलरी बघायची होती. एजंटने दार ओढले, मग ढकलले, मग आमच्याकडे बघून कसनुसा हसला. सुताराचे भाकीत खरे ठरले होते. हे नेमके दूध आणायला गेले होते आणि माझा गुडघा दारावर खर्च करण्याच्या परिस्थितीत नव्हता, म्हणून मी जागेवरूनच म्हटले, "थोडं उचला, आणि खाली गुडघा लावा." ती मुलगी पुढे झाली. तिने ओढणी कमरेला खोचली, मूठ धरली, उचलले, गुडघा लावला. खट् असा आवाज झाला आणि ओला वारा आत आला. आम्ही दोघी नकळत एकमेकींकडे बघून हसलो. एजंट मात्र भावाचे काय होणार या चिंतेत दिसला.

पुढच्या रविवारी ती सासूसासऱ्यांना घेऊन आली. सासूबाई बंबाजवळ रेंगाळल्या, सासऱ्यांनी नळ सोडून पाहिला. तेवढ्यात ती सरळ गॅलरीकडे गेली, कोणाला काही न विचारता दार उचलले आणि गुडघा लावता लावता मागे वळून म्हणाली, "आई, हे असं उघडायचं असतं हं."

मी आत जाऊन चहाचे आधण ठेवले आणि ह्यांना हळूच म्हटले, "अहो, ते शेअर सर्टिफिकेट जरा बाहेर काढून ठेवा."